कराव्याहून आलेला डावा स्पीकर

आधीच सांगतो. ही गोष्ट मी रचलेली नाही.

ज्याच्यासोबत घडली तो माझा सख्खा मामा. जयदेव मामा. आज खारघरला मुलाकडे असतो. वय झालंय, पण डोकं एकदम तल्लख. कधीही विचारा, तो हेच सांगेल. शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

आणि हा माणूस भुताखेतांना मानणारा नव्हे. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब, बस्स. कोणाच्या अंगात आलं असं कोणी बोललं, की मामा उठून चपला घालायचा.

म्हणूनच मला या गोष्टीची भीती वाटते.

साल १९८४. दिवाळी होऊन गेली होती. मामा तेव्हा वाशीत सिडकोच्या बैठ्या घरात राहायचा, मैनामामी आणि तो, दोघंच. वाशी म्हणजे तेव्हा काही बिल्डिंगा, मोकळे प्लॉट आणि खाडीकडून येणारा खारा वारा. संध्याकाळ झाली की रस्त्यावर माणूस दिसायचा नाही.

मामा बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत कामाला होता. घरी आला की पुढच्या खोलीत स्टिरिओ दुरुस्त करायचा. अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर, मोठाले स्पीकर. परदेशातून आणलेले सेट उघडायला बाकीचे मिस्त्री घाबरायचे. मामा घाबरायचा नाही. त्याचा एकच नियम होता... कोणावर विश्वास ठेवायचा नाही. गिऱ्हाईक सांगतं ते खरं नसतं, मीटर सांगतो ते खरं.

एका दुपारी दारात टेम्पो थांबला.

एक काळासावळा, मजबूत बांध्याचा माणूस उतरला. नाव गोटीराम. करावे गावातला, खाडीत मासेमारी करणारा. त्यानं जपानी अॅम्प्लिफायर आणला होता, आणि सागवानी खोक्यातले दोन स्पीकर. भारी माल. मामाला पहिला संशय तिथंच आला. हा सेट याच्याकडे कसा?

"कोणाचा आहे?"

"भावाचा. कान्हाचा. तो जहाजावर होता पयला. तिकरना आनलेला."

"भाऊ कुठाय?"

गोटीरामनं खोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मिस्त्री, यातना गानी आली पायजेत. दुसरा कायच नाय."

"दुसरं काय येतं?"

त्यानं मान फिरवली.

"खरखर," म्हणाला.

खोटं बोलतोय, हे मामाला कळलं. पण का, ते कळेना.

तो गेल्यावर मामानं सेट उघडला. आत सगळं ठणठणीत. ट्रान्सफॉर्मर ठीक, कंडेन्सर ठीक, एकही जोड सैल नाही. फक्त एक गोष्ट खटकली. डाव्या स्पीकरची वायर तुटलेली होती.

तुटलेली नव्हे... कापलेली.

मासे कापायच्या सुरीनं कापावी तशी. एका घावात. आणि कापणाऱ्यानं इतका जोर लावला होता, की खोक्याच्या लाकडावरही खाच पडली होती.

वायर काढायची तर हातानं ओढली तरी निघते. इतक्या रागानं कोण कापतं?

मामानं नवी वायर टाकली, सोल्डरिंग केलं, रेकॉर्ड लावली. दोन्ही स्पीकर सुरेख वाजले. कुठं खरखर नाही, घूंघूं नाही. झालं काम. त्यानं सेट बंद केला आणि प्लग काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली.

दारात उभी राहिली. आत येईना. तिशीतली असेल. कपाळ मोकळं, डोक्यावरून घट्ट पदर. मामीनं हाताला धरून आत बसवलं, पाणी दिलं. तिनं पाणी प्यायलं नाही. ती नुसती त्या स्पीकरकडे बघत होती.

तिचं नाव पुतळा. कान्हाची बायको. गोटीरामची वहिनी.

"दादा," ती मामाला म्हणाली, "तो सेट दुरुस्त नका करू. जसा होता तसा ठेवा. आनि गोटीरामला देऊ नका."

"का बरं?"

"त्याला माज्या धन्याला घरातना पुसून टाकायचाय."

मग हळूहळू तिनं सांगितलं. पावसाळ्याआधी कान्हा आणि गोटीराम दोघं होडी घेऊन खाडीत गेले होते. गोटीराम परत आला. होडी परत आली. कान्हा आला नाही. त्याचं प्रेतसुद्धा सापडलं नाही.

"तो बोलतो, हात सुटला." पुतळा मामाकडे बघत म्हणाली. "कोनी बघितला?"

मामाच्या डोक्यात चक्र सुरू झालं. भाऊ भावाबरोबर गेला, एकटाच परत आला. आणि आता भावाचा सेट घेऊन फिरतोय.

"पण या सेटचं काय?" मामीनं विचारलं.

पुतळा पहिल्यांदा हसली. लाजल्यासारखी.

"डाव्या खोक्यातना ते बोलतान माज्याशी. रोज. दिवेलागनीला."

मामा-मामीनं एकमेकांकडे बघितलं. बिचारी. धक्का बसलाय. मामीनं तिची समजूत घातली आणि बस स्टॉपपर्यंत सोडून आली.

त्याच संध्याकाळची गोष्ट.

मामी आत भाकऱ्या थापत होती. मामा पुढच्या खोलीत एका रेकॉर्ड प्लेयरचा पट्टा बदलत होता. वर पंखा घरघरत होता. शेजारच्यांचा ट्रान्झिस्टर चालू होता. रोजच्यासारखं सगळं.

आणि मग मामाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

काय चुकतंय, ते कळेना...

पंखा फिरत होता. पण त्याची घरघर येत नव्हती.

शेजारचा ट्रान्झिस्टर गप्प. आतून भाकरी थापल्याचा आवाज गप्प. मामानं हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला...

आवाज आला नाही.

मग डाव्या स्पीकरमधून कोणीतरी श्वास घेतला.

"पुतले..."

पुरुषाचा आवाज. अगदी जवळून.

"पुतले... जेवलीस का गो?"

मामा उठला. सेटकडे गेला. सेट बंद. प्लग भिंतीत नव्हता, टेबलावर पडला होता. तरी त्यानं वायर हातात घेऊन बघितली.

एका झटक्यात सगळे आवाज परत आले. पंखा, ट्रान्झिस्टर, भाकरी. मामी पिठाचे हात घेऊन दारात उभी.

"अहो, कोण आलंय? बाईला कोण विचारत होतं जेवलीस का म्हणून?"

म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

दुसरा कोणी असता तर घराबाहेर पळाला असता. मामाला मात्र राग आला. त्याला वाटलं, कोणीतरी आपल्याला बनवतंय. सैल जोडावर कधी कधी रेडिओ स्टेशन पकडतं, ते त्याला माहीत होतं. पण प्लग काढलेल्या सेटवर? मग त्याला वाटलं, गोटीरामनंच खोक्यात छोटा टेपरेकॉर्डर लपवला असणार. वहिनीला वेडं ठरवायचं, घर-होडी ताब्यात घ्यायची. सरळ हिशोब.

त्यानं डावा खोका पार उघडला. आतला कापूस उपसला.

काही नाही.

नुसता स्पीकर. मागचं लोहचुंबक, पुढचा कागदी पडदा. त्यानं स्वतः लावलेली वायरसुद्धा सोडवली. आता स्पीकर कशालाच जोडलेला नव्हता. मामानं तो दोन्ही हातांत धरून दिव्याखाली नेला...

पडदा हलत होता.

आत... बाहेर... आत... बाहेर. सावकाश. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.

मामानं तो खोक्यात परत ठेवला आणि खोली बाहेरून बंद केली.

त्या रविवारी तो कराव्याला गेला. गोटीरामला गाठायचं, तोंडावर विचारायचं, असं ठरवून.

गोटीराम घराच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. मामानं मुद्दाम इकडचं तिकडचं न बोलता विचारलं.

"वायर तू कापलीस ना?"

गोटीरामचे हात थांबले.

"वैनी आली होती तुमच्याकरं."

"आली होती. तुझ्याबद्दलच बोलत होती."

"काय बोलली? मी भावाला मारला?"

ओट्यावर ऊन होतं, आजूबाजूला बायका सुकट वाळवत होत्या, कोंबड्या फिरत होत्या. अशा ठिकाणी असलं बोलणं कसं करायचं?

गोटीरामनं जाळं बाजूला ठेवलं.

"मी हात धरला होता त्याचा, मिस्त्री. दोन्ही हातांनी. सोरला नाय मी. सुटला."

मग तो हळू आवाजात बोलायला लागला. आधी त्या खोक्यातून फक्त जेवणाखाण्याचं यायचं. जेवलीस का, झोपलीस का. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. आई रडली. गोटीरामही रडला. भावाचा आवाज आहे, वहिनीला आधार वाटतोय, असू दे, असं त्यालाही वाटलं.

"मंग बोलना बदलला."

"काय बोलायला लागला?"

"ये बोलतो. ये गो, पानी उतरलाय."

ओहोटी लागली की तो आवाज पुतळाला बोलवायचा. आणि ती जायची. खाडीच्या चिखलात, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. एकदा गोटीरामनं ओढून आणली, एकदा गावातल्या पोरांनी. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी दारात बसतो. लोकांना वाटतं, वहिनीला कोंडतो.

"वायर कापली तरी बोलतो. म्हनून तुमच्याकरं आनला. तुमी शिकलेली मानसं. तुमाला काय तरी जमंल."

मामा त्याच्याकडे बघत राहिला. खरं बोलतोय, की फार हुशार आहे? मीटर लावून बघता येत नव्हतं.

"आणि तो तुझा भाऊच असेल तर?"

गोटीरामनं लगेच मान हलवली. "कान्हा तिला खाडीवर येऊच द्यायचा नाय. चिखलात पाय घालू द्यायचा नाय. तो तिला ये बोलंल?"

इतक्यात घरातून म्हातारी बाहेर आली. गोटीरामची आई, वेणूबाई. तिनं अंगणात इकडं तिकडं बघितलं.

"पुतला कुठं गेली रं? दुपारपासना नाय दिसत."

गोटीराम उठला. खाडीकडे धावणार, तोच मामानं त्याचा दंड धरला.

"तिकडे नाही," मामा म्हणाला. "माझ्या घरी."

टेम्पोवाल्याला उठवून दोघं वाशीला निघाले. डाव्या हाताला खाडी होती, आणि पाणी उतरत होतं.

घरापाशी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

मैनामामी बाहेर उभी होती. दोन्ही हात दारावर आपटत होती. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ती जीव खाऊन ओरडत होती...

आणि तिचा आवाज येत नव्हता.

दारावर हात पडत होते. तोही आवाज नाही. टेम्पोचं इंजिन चालू होतं. तेही मुकं.

मामानं बाहेरून लावलेली कडी काढलेली, आता आतून कडी. मामानं खांदा मारून दार तोडलं. फळी फुटताना त्यानं बघितली. ऐकली नाही.

आत पुतळा जमिनीवर बसली होती. डावा खोका मांडीत घेतला होता. गाल त्याच्या जाळीला लावला होता. डोळे मिटलेले. एवढ्या जगात एकच आवाज येत होता.

"ये गो... पानी उतरलाय... ये..."

ती उठायला लागली. खोका छातीशी धरून. मामानं तो तिच्या हातातून ओढून घेतला. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं पुढची जाळी उचकटली. पडदा जोरजोरात आत-बाहेर होत होता. मामानं हात वर केला...

"जयदेव."

मामाचा हात हवेतच राहिला.

तो आवाज कान्हाचा नव्हता.

"जयदेव, थांब रे. मी हाय."

ती मामाची आई होती. माझी आजी, भिमाबाई. महाडजवळ आमच्या गावी वारली होती. मामाला कळवायला उशीर झाला. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याला तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं.

"जयदेव... लय थंडी वाजते रे. नको तोडू."

मामा सांगतो, त्या क्षणी तो खाली बसला. स्क्रू ड्रायव्हर हातातून सुटायला आला. पडदा त्याच्या तोंडासमोर हलत होता आणि त्यातून आईचा श्वास येत होता. दमेकऱ्याचा. तिचाच.

आणि मग त्याच्या मनात संशय आला.

आईनं आपल्याला कधी जयदेव म्हटलंय?

कधीच नाही. शाळेत नाव घातलं तेवढंच. ती जन्मभर त्याला बाप्या म्हणायची. मारताना बाप्या, जेवायला वाढताना बाप्या. लग्नाच्या मांडवातही बाप्याच.

ही माझी आई नाही.

मामानं हात खाली आणला. पडदा टराटरा फाटला. तो फाडतच राहिला. पडदा संपला, आतली तांब्याची तार बाहेर आली, तीही त्यानं बोटांनी उपसली. बोटं रक्ताळली तरी थांबला नाही.

...आणि मामीची किंकाळी एकदम कानात घुसली. टेम्पोचं इंजिन. पंखा. शेजाऱ्यांची धावपळ. सगळं एकदम.

पुतळा जमिनीवर पडलेल्या त्या कागदाच्या चिंध्या गोळा करत होती. एक एक चिंधी उचलून पदरात टाकत होती. रडत नव्हती. मग तिनं मामाकडे बघितलं.

"ते मना बोलत होते, भिऊ नको," ती म्हणाली. "तुमी कोन ठरवनारे?"

मामा रक्ताळलेली बोटं फडक्यात गुंडाळत राहिला.

गोटीराम दारातच बसला होता. भिंतीला टेकून, चेहरा पांढराफटक. मामानं त्याला विचारलं, तू काय ऐकलंस? मध्येच आवाज बदलला, तो ऐकलास ना? बाईचा?

"बाईचा?" गोटीराम म्हणाला. "बाई कुठली? कान्हा होता. मना बोलला... गोट्या, हात दे."

मैनामामी म्हणाली, तिला काहीच ऐकू आलं नाही. अगदी काहीच.

पुतळाचे भाऊ तिला घणसोली गावात माहेरी घेऊन गेले. ती जगली. खाडीकडे पुन्हा गेली नाही. पुढे वाशीच्या बाजारात मासे विकायला बसायची. मामी तिच्याकडून मासे घ्यायची, ती मामीशी नीट बोलायची. मामा दिसला की मात्र पदर पुढे ओढायची. मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. गोटीरामचा हात सुटला की त्यानं सोडला, तेही कोणाला कधी कळलं नाही. मामा म्हणतो, अजूनही त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास नाही.

मामानं स्टिरिओचं काम बंद केलं. मिक्सर, इस्त्री, पंखे एवढंच करायचा. का, ते आम्हाला लहानपणी कोणी सांगायचं नाही.

आता मामा सांगतो. आणि सांगताना शेवटी त्याचा आवाज चढतो. "जयदेव म्हणाला आणि तिथंच फसला तो! माझी आई मला बाप्या म्हणायची. तिथंच मी पकडलं त्याला!"

एवढ्याशा संशयावर एका बाईचा जीव वाचला. मामाला त्याचं समाधान आहे. मलाही होतं.

गेल्या वर्षी मी ही गोष्ट माझ्या आईला सांगितली. म्हणजे मामाच्या बहिणीला. भावानं आपल्या बहिणीला हे कधीच सांगितलं नव्हतं. आई भाजी निवडत ऐकत होती. बाप्या आणि जयदेवचं ऐकलं आणि तिचे हात थांबले.

आजी गेली तेव्हा आई तिच्याजवळ होती. शेवटी शेवटी तापात आजीला माणसं ओळखू येत नव्हती. ओळखीची नावंही विसरली होती. बाप्या तर तिच्या तोंडी एकदाही आला नाही.

"नुसती दाराकडं बघायची," आई म्हणाली. "आणि म्हणायची, जयदेव आला का? जयदेव, लय थंडी वाजते रे."

तिनं भाजीचं ताट बाजूला सरकवलं.

"त्याला सांगू नकोस हां," आई म्हणाली.

परवा खारघरला गेलो होतो. मामानं चहा घेता घेता पुन्हा सगळं सांगितलं. तिथंच पकडलं त्याला, म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

मी मान डोलावली. म्हटलं, हो मामा, तिथंच पकडलंत.